परसदारांतून : एका दिवसाचें फूल

उन्हाळा हा फळांचा ऋतु, आणि फुलांनीं यावें तें पावसाळ्यानंतर, असा एक समज लहान मुलांप्रमाणें पुष्कळ मोठ्या माणसांच्याही डोक्यांत पक्का बसलेला असतो. चैत्र-वैशाखांत आंबा, फणस, करवंदें यांचें एवढें कौतुक चालतें, कीं त्याच दिवसांत परसांत काय फुललें आहे इकडे पाहण्यास कोणास सवड होत नाहीं. वस्तुतः कालिदासानें शाकुंतलाच्या प्रस्तावनेंत सूत्रधाराच्या तोंडून नटीस गावयास सांगितलें, तें नुकत्याच लागलेल्या ग्रीष्माविषयींच. आणि तिच्या गीतांत स्त्रियांच्या कानांवर आहे तें शिरीषाचें फूल. ऋतुसंहाराचा आरंभही ग्रीष्मापासूनच होतो. तेव्हां ज्यांस परस आहे त्यांनीं परसांत, आणि ज्यांस तें उरलें नाहीं त्यांनीं गॅलरींतल्या कुंड्यांत, या महिन्यांत काय पाहावें व काय करावें, याविषयीं चार गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांतही ज्या एका फुलास आमच्या देवघरांत जागा नाहीं, मंडईंत भाव नाहीं आणि मराठींत नांव नाहीं, त्याजविषयीं थोडें अधिक लिहावयाचें आहे. कारण यंदा त्या फुलाचा प्रश्न आमच्या घरांत बराच निकडीचा होऊन बसला आहे.

आधीं मोगरा. मोगऱ्याविषयीं तक्रार ऐकूं येते ती एकच : "पानें भरपूर, फूल एक नाहीं." अशा घरीं जाऊन पाहावें तों मोगरा भिंतीच्या सावलींत उभा असतो, वर्षानुवर्षें त्यास कात्री लागलेली नसते, आणि पाणी मात्र दोन्ही वेळां मिळत असतें. मोगऱ्यास लाड मानवत नाहींत. पौष-माघांत त्याचें पाणी पंधरा-वीस दिवस तोडावें, पानें सुतून काढावीं, वाळक्या व वेड्यावांकड्या फांद्या छाटाव्या, मुळाभोंवतीं उकरून दोन दिवस ऊन लागूं द्यावें, आणि मग जुनें शेणखत घालून एकदम भरपूर पाणी द्यावें. फाल्गुनांत जो नवा फुटवा येतो त्याच्याच शेंड्यास कळी धरते. जुन्या लांकडास नव्हे. हें ज्यांनीं केलें नसेल त्यांनीं आतां वैशाखांत मोगऱ्यावर रागावूं नये. पहिला बहर ओसरतांच फुलें आलेल्या डहाळ्यांचे शेंडे खुडले म्हणजे दुसरा बहर मिळतो, एवढें मात्र आजही करतां येईल. टपोऱ्या गोल कळीचा बटमोगरा आणि लांबट, टोकदार कळीचा मदनबाण यांत श्रेष्ठ कोण, हा वाद आमच्या घरांत तीन पिढ्या चालला आहे. आम्ही त्यांत पडत नाहीं.

अनंताचें दुखणें निराळें. त्याचीं कोंवळीं पानें पिवळीं पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पुणें, नगर, सोलापूर या बाजूस माती चुनखडीची आणि विहिरीचें किंवा बोअरचें पाणी जड. अशा मातींत लोह असूनही झाडास तें उचलतां येत नाहीं. अनंतास आंबटसर माती मानवते, म्हणूनच कोंकणांत तो जांभ्याच्या मातींत कोणाच्याही देखरेखीशिवाय माजतो. उपाय म्हणून कुजलेल्या पाल्याचें खत सढळ हातानें घालावें, आणि महिन्यांतून एकदां बादलीभर पाण्यांत चिमूटभर हिराकस विरघळवून तें द्यावें. चिमूटभर म्हटलें म्हणजे चिमूटभरच. औषध दुप्पट घातलें तर गुण दुप्पट येईल, या समजुतीनें माणसांइतकींच झाडेंही दगावलीं आहेत.

कंदांपैकीं तीन या दिवसांत आपला पराक्रम दाखवितात. लाल कर्ण्यांची अमरिलिस चैत्रांतच फुलून जाते. तिचा कंद अर्धा मातीबाहेर ठेवावा, पुरला तर कुजतो. 'मे-फ्लॉवर' किंवा 'फुटबॉल लिली' म्हणून जिला मुलें ओळखतात, ती मूळची आफ्रिकेंतली. वर्षांतील सहा-सात महिने कुंडींत केवळ माती दिसते, घरांतील नवी सून ती कुंडी रिकामी समजून तींत कोथिंबीर पेरते, आणि एके दिवशीं मातींतून एक दांडा वर येऊन त्यावर शे-दीडशे बारीक लाल फुलांचा चेंडू उभा राहतो. या कंदांस फूल येऊन गेल्यावर विसरूं नये. पुढील वर्षाचें फूल हें यंदाच्या पावसाळ्यांतील पानांनीं कमावून ठेविलेलें असतें. पानें कुरूप दिसतात म्हणून कापणारा माणूस पुढल्या वैशाखाचें फूल कापीत असतो. तिसरी ती वळवाच्या पहिल्या सरीबरोबर एका रात्रींत उमलणारी गुलाबी 'रेन लिली'. तिला कांहीं करावें लागत नाहीं.

आतां ज्या फुलासाठीं एवढी प्रस्तावना केली त्याकडे वळूं. इंग्रजींत त्यास 'डे-लिली' म्हणतात, आणि आपल्याकडील रोपवाटिकांतही तेंच नांव चालतें. शास्त्रीय नांव 'हेमेरोकॅलिस'. ग्रीक भाषेंत 'हेमेरा' म्हणजे दिवस आणि 'कॅलोस' म्हणजे सौंदर्य. या नांवांतील 'लिली' मात्र फसवी आहे. खऱ्या लिलीस कंद असतो. हिला कंद नाहीं, जाडसर मांसल मुळांचा एक गड्डा असतो. अर्वाचीन वनस्पतिशास्त्र हिला लिलीच्या कुळांत न बसवितां ज्या कुळांत बसवितें, त्यांत आपली कोरफडही आहे. म्हणजे आजीबाईंच्या बटव्यांतील कोरफड आणि ही विलायती वाटणारी बाई नात्यानें एकमेकींच्या लांबच्या बहिणी. विलायती 'वाटणारी' असें आम्हीं मुद्दाम म्हटलें. कारण तिचें मूळ घर आशियांतच आहे. हिमालयापासून चीन-जपानपर्यंत तिच्या जाती रानांत आढळतात. युरोपांत ती आपल्याकडूनच गेली.

फुलाची रीत अशी. लांब, पातळ, पात्यासारख्या पानांच्या झुबक्यांतून दोन-अडीच हात उंचीचा दांडा वर येतो. त्यावर दहा-पंधरा कळ्या असतात. सकाळीं त्यांतील एखादी उमलते. दिवसभर ऊन्ह खाऊन उभी राहते. संध्याकाळीं मिटूं लागते, आणि दुसरे दिवशीं सकाळीं पाहावें तर भिजलेल्या सुतळीसारखी लोंबत असते. परंतु तोंवर शेजारची कळी उमललेली असते. फुलाचें आयुष्य एक दिवसाचें, बेटाचा बहर तीन-चार आठवड्यांचा. गेल्या वर्षीं आमच्या नातीनें भिंतीवरच्या कॅलेंडरावर रोजच्या फुलांची नोंद ठेविली होती : दांडे ६, फुलें ७४, दिवस २६. यांत दुसऱ्या दिवशीं राहिलेलें फूल एकही नाहीं, हें तिनें खालीं लाल पेन्सिलीनें लिहून ठेविलें आहे.

मराठींत नांव नाहीं म्हणून आम्हीं हिला 'एकाह' म्हणावें असें सुचविलें होतें. वैदिक कर्मांत ज्या सोमयागांत सोम कांडण्याचा दिवस एकच, त्यास एकाह म्हणतात. अग्निष्टोम हा एकाहच; पण प्रत्यक्षांत तो पांच दिवस चालतो, कारण त्या एका दिवसाची तयारीच चार दिवसांची असते. या झाडाची तयारी तर अकरा महिन्यांची! नांव आम्हांस फार समर्पक वाटलें. घरांतील बायकांनीं तें मानलें नाहीं. त्या तिला 'वहिनींची लिली' म्हणतात, आणि आतां आम्हीही तेंच म्हणतों.

चीन देशांत या झाडाचें कौतुक पुरातन आहे. तेथें तिला 'शुएन' म्हणतात, आणि दुःख विसरविणारी वनस्पति असा तिचा लौकिक आहे. चिनी लोकांचा जो अतिप्राचीन काव्यसंग्रह 'शी-चिंग', त्यांतील एका गीतांत नवरा युद्धावर गेलेली स्त्री ही वनस्पति घराच्या मागील बाजूस लावण्याची गोष्ट बोलते. पुढें घराचा जो भाग मातेचा, त्यासच 'शुएन-थांग' म्हणजे शुएनचें दालन म्हणूं लागले, आणि मातेस उद्देशून आदरानें बोलतांनाही तोच शब्द येऊं लागला. आपल्याकडे अंगणांत तुळस दिसली कीं घरांतील बाई डोळ्यांपुढें येते, तसेंच तें. याच कुळांतल्या एका पिवळ्या जातीच्या वाळविलेल्या कळ्या तेथें रस्स्यांत घालतात. त्यांस 'सोन्याच्या सुया' असें नांव आहे. आमच्या वाचक भगिनींनीं मात्र हा प्रयोग आपल्या बागेंतील फुलांवर करूं नये. जाती पुष्कळ, आणि कोणती खाण्याची हें दिसण्यावरून सांगतां येत नाहीं. शिवाय घरांत मांजर असल्यास तिला या झाडाच्या वाऱ्यासही उभें राहूं देऊं नये. याचें पान किंवा फूल खाल्ल्यानें मांजराचीं मूत्रपिंडें निकामी होतात, आणि पुष्कळदां तीं वांचत नाहींत.

आतां या झाडाची खरी नवलाची गोष्ट सांगतों. जी जुनी, तांबूस-नारिंगी रंगाची डे-लिली जगभर घरोघरीं दिसते, तिला बीं धरत नाहीं. सामान्य झाडाच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, हिच्या पेशींत तीन. आणि तिनाचे दोन सारखे भाग होत नसल्यामुळें बीजधारणेचें काम फसतें. बीं नाहीं, म्हणून वारा तिला नेत नाहीं, पांखरू नेत नाहीं, पाण्याबरोबर ती वाहून जात नाहीं. आपल्या जागीं मुळांनीं पसरेल तेवढीच. मग ती आशियांतून युरोपांत, युरोपांतून अमेरिकेंत आणि अमेरिकेंतील खेड्यापाड्यांत गेली कशी? कोणीतरी कुदळीनें बेट फोडलें, एक फुटवा कोणाच्या तरी पदरांत घातला, आणि तिनें तो आपल्या दारीं लावला. एवढ्या एकाच वाटेनें ती गेली. बियांपासून वाढणारें प्रत्येक रोप नवें असतें. ही तशी नव्हे. शेंकडों वर्षांपूर्वींचें तेंच एक झाड तुकड्यातुकड्यांनीं आजही जगतें आहे. फूल दिवसाचें आणि झाड शतकांचें.

अमेरिकेंत आर्लो बर्डेट स्टाउट नांवाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले (१८७६–१९५७). विस्कॉन्सिन प्रांतांत त्यांचें बालपण गेलें. तेथें आईच्या परसांत ही लिली होती, आणि इतकीं फुलें येऊनही हिला बीं कां धरत नाहीं, हा प्रश्न त्यांस लहानपणींच पडला होता. पुढें न्यूयॉर्क येथील वनस्पति-उद्यानांत राहून त्यांनीं याच कुळाचा ध्यास घेतला, चीन-जपानांतून रोपें मिळविलीं, हजारों संकर केले, आणि १९३४ सालीं या एकाच विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. या जुन्या नारिंगी जातीस 'युरोपा' हें नांव त्यांनींच दिलें. तिला स्वतःच्या परागानें बीं येत नसलें तरी तिचा पराग दुसऱ्या जातींस देऊन कधीं कधीं संतति मिळते, हें त्यांनीं दाखविलें. आज दिसणाऱ्या कित्येक रंगीत जातींच्या वंशांत या निपुत्रिकेचें रक्त आहे. १९४६ मध्यें अमेरिकेंत या फुलाच्या शौकिनांची एक संस्था निघाली; तिचें सर्वोच्च पदक १९५० पासून स्टाउट यांच्या नांवानें देतात, आणि तिच्याकडे नोंदलेल्या जाती आतां ८०,००० हून अधिक झाल्या आहेत. शाळामास्तरकीच्या संवयीनें आम्हांस या हकीकतींतील एकच गोष्ट अधिक आवडते. पोरानें विचारलेला प्रश्न आईनें किंवा मास्तरानें "नाहीं येत, तर नाहीं येत" म्हणून झटकून टाकला असता, तरी तो त्यानें सोडला नाहीं.

आमच्या परसांतलें बेट वहिनींच्या माहेराहून आलें. १९७१ च्या उन्हाळ्यांत त्यांचें लग्न झालें. बेळगांवच्या घरीं त्यांच्या मातोश्रींनीं बागेंतील बेट फोडून तीन फुटवे एका डालड्याच्या डब्यांत घातले, आणि एस. टी. च्या गाडींतून तो डबा मांडीवर घेऊन वहिनी पुण्यास आल्या. पेठेंतला आमचा वाडा. परस म्हणजे विहिरीच्या बाजूची वीस हात जागा. त्यांत तुळस, प्राजक्त, जास्वंद, दूर्वा हीं देवाचीं; अळूं आणि कढीलिंब हीं स्वयंपाकघराचीं. तिसऱ्या प्रकारच्या झाडास तेथें वाव नव्हता. आमच्या मातोश्रींनीं विचारलें तें एवढेंच : "वास आहे का?" नाहीं म्हटल्यावर, निर्गंध फूल देवास चालत नाहीं, तेव्हां तें न्हाणीच्या सांडपाण्यापाशीं लावावें, असा निकाल झाला. त्यावर आमचे वडील हळूच म्हणाले, "जास्वंदीला तरी वास कोठें आहे? आणि तीही एकाच दिवसाची. गणपतीनें कधीं तक्रार केलेली नाहीं." मातोश्रींनीं उत्तर दिलें नाहीं, पण डबा न्हाणीपाशीं न जातां विहिरीच्या कठड्यालगत गेला, आणि तेथेंच तें बेट पन्नासांहून अधिक वर्षें आहे. देवघरांत तें फूल आजपर्यंत गेलेलें नाहीं. त्याचा एक फायदा असा झाला, कीं घरांत एवढें एकच फूल झाडावरच फुललें आणि झाडावरच कोमेजलें. बाकीचीं सकाळीं सहाच्या आंत परडींत.

वाडा आतां पाडावयाचा आहे. चार भावांच्या मुलांनीं मिळून मार्गशीर्षांत बिल्डरबरोबर करार केला. जिने झिजले आहेत, तुळया वाळवीनें खाल्ल्या आहेत, आणि पाऊस कोणत्या खोलींत पडेल याचा नेम उरलेला नाहीं. तेव्हां करारास आमचीही सही आहे आणि त्याविषयीं आम्ही कुरकुर करीत नाहीं. नव्या इमारतींत परसाच्या जागीं मोटारी उभ्या राहावयाच्या आहेत. मातीची परीक्षा करावयाची म्हणून परस अक्षय्य तृतीयेपर्यंत मोकळें करून द्यावें, असा निरोप आला. त्या वेळीं बेटावर दांडे वर आलेले होते. घरांतील तरुण मंडळींचें म्हणणें, आहे तसें उपटून कुंडींत घालूं. आम्हीं मोडता घातला. पारा चाळिसांवर, झाड कळीवर, मुळांनीं पाणी ओढण्याचा हाच काळ. अशा वेळीं उपटलेलें झाड मरेलच असें नाहीं, पण बाळंतिणीस घराबाहेर काढण्यासारखें तें आहे. अखेर मुकादमाशीं बोलून बेटाभोंवतीं चार विटा लावल्या आणि तेवढी जागा ज्येष्ठ संपेपर्यंत सोडण्याचें ठरलें. चौथ्याच दिवशीं कोणीं तरी त्या विटांवरच वाळूची गाडी रिकामी केली. दोन दांडे मोडले. नातीनें आणि आम्हीं मिळून हातांनीं वाळू काढली; राहिलेल्या चार दांड्यांवर हें लिहीत असतां रोज दोन-तीन फुलें उमलत आहेत.

वहिनी आतां शहात्तर वर्षांच्या आहेत. नव्या जागेंत त्यांस पूर्वेची गॅलरी मिळावयाची आहे. तींत मोठी कुंडी ठेवूं आणि बेट तुमच्याच दाराशीं राहील, असें आम्हीं त्यांस सांगितलें. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला नको. तें माझ्या आईच्या हातचें आहे, माझ्या हातचें नाहीं. तिनें मला दिलें. मीं अजून कोणाला दिलेलें नाहीं." एवढें बोलून त्या आंत गेल्या. आम्ही दोन दिवस त्या बोलण्याचा विचार करीत होतों. पन्नास वर्षांत बेट कितीदां फोडलें, पण दर वेळीं फुटवे याच परसांत, याच कठड्यालगत लावले. मागावयास कोणी आलें नाहीं असें नव्हे. शेजारच्या वाड्यांतील मंडळींनीं विचारलें होतें. पण मातोश्रींच्या काळांत घरांतील वस्तु बाहेर देण्याचा अधिकार सुनेस नव्हता, आणि तो अधिकार हातीं आला तोंवर शेजारचे वाडे जाऊन तेथें इमारती उभ्या राहिल्या होत्या. ही गोष्ट आम्हांपैकीं कोणाही पुरुषाच्या ध्यानांत आलेली नव्हती, आणि वहिनींनीं ती इतक्या वर्षांत बोलून दाखविली नव्हती.

परवां जेवतांना आमच्या एका पुतण्यानें उपमा काढली. बेट फार दाटलें म्हणजे फुलें कमी होतात, फोडलें म्हणजे प्रत्येक फुटवा जोमानें वाढतो; आपलें एकत्र कुटुंबही तसेंच, म्हणून वाटण्या झाल्या तें बरेंच झालें. उपमा ऐकावयास गोड आहे. पण ती आम्हांस पटत नाहीं, आणि उपमेची परीक्षा घेणें हा आमचा जुना धंदा असल्यामुळें तेथेंच तसें सांगितलें. बेटाचा तुकडा दुसरीकडे गेला तरी तें तेंच झाड असतें. त्याच रंगाचें, त्याच उंचीचें फूल देतें, आणि मूळच्या बेटाचें कांहीं उणें होत नाहीं. घराचें तसें नाहीं. चार बिऱ्हाडें चार ठिकाणीं गेलीं म्हणजे चार वाडे होत नाहींत. एका चुलीवर पंधरा माणसांचें शिजत होतें त्यांत रोजची धुसफूस होती हें खरें. पण दुखणाइताच्या उशाशीं रात्रीं बसावयास माणूस शोधावें लागत नव्हतें, हेंही तितकेंच खरें. वाटणी टळत नव्हती म्हणून ती झाली. झाडाच्या नांवावर तिला शोभा आणण्याचें कारण नाहीं. पुतण्या हंसला आणि ताक मागून घेतलें.

तेव्हां बेट श्रावणांत फोडावयाचें ठरलें आहे. मृगाच्या पहिल्या भरांत हें काम करूं नये. उकाडा आणि चिखल एकत्र असतां ताजी जखम कुजते. पावसाचा जोर ओसरून उघडीप मिळूं लागली म्हणजे सकाळच्या वेळीं, बेटाभोंवतीं वीतभर अंतर सोडून, कुदळीनें खोल खणावें आणि सबंध गड्डा उचलावा. पाण्याच्या धारेखालीं माती धुतली म्हणजे फुटवे कोठें सुटे होतात तें डोळ्यांस दिसतें. सुरी शक्य तों लावूं नये, हातानें हालवून सोडवावे. लावावीच लागली तर कापलेल्या जागीं राख चोळून एक दिवस सावलींत सुकूं द्यावें. पानें वीतभर ठेवून वरचीं छाटावीं. पानांवर तांबेऱ्याच्या पुळ्या दिसल्या तर तीं पानें जाळून टाकावीं. खतांत घालूं नयेत. लावतांना मातीची लहानशी उंची करून तिच्यावर मुळें चहूंकडे पसरावीं, आणि पानें व मुळें जेथें मिळतात ती जागा मातीखालीं एक इंचाहून अधिक जाऊं देऊं नये. दोन फुटव्यांत हातभर अंतर असावें. कुंडी असेल तर ती निदान बारा इंच रुंद, आणि तळास पाणी जावयास भोंक मोठें. सकाळचें ऊन्ह पांच-सहा तास हवें. दुपारची सावली आपल्या देशावरच्या उन्हाळ्यांत तिला मानवते. ज्यांस नवीन रंगीत जाती विकत घ्यावयाच्या असतील त्यांनीं रोपवाटिकेंत एवढें विचारून घ्यावें, कीं झाड हिवाळ्यांत पान टाकतें कीं बारमाही हिरवें राहतें. पान टाकणाऱ्यांस कडक थंडी लागते, ती आपल्याकडे मिळत नाहीं. बारमाही हिरव्या जातीच येथें नीट फुलतात.

पाण्याविषयीं एक शब्द. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत शकुंतला ज्या 'आलवालां'त पाणी घालते, तेंच आपलें आळें. तें झाडाच्या बुंध्याशीं चिकटून केलेलें नसावें. मुळांचीं टोंकें जेथपर्यंत पोंचलीं असतील तेथें त्याचा कांठ यावा. वैशाखांत आळ्यांत वाळका पाला दोन बोटें पसरावा आणि पाणी सूर्योदयापूर्वीं द्यावें. तांदूळ धुतलेलें पाणी चालतें. साबणाचें चालत नाहीं.

आमच्या गड्ड्याचे अंदाजें तीस फुटवे निघतील. कोणास किती द्यावयाचे याची यादी वहिनींनीं स्वतः केली आहे आणि ती आम्हांस दाखविलेली नाहीं. नातीकडून एवढेंच कळलें, कीं यादींत पहिलें नांव धाकट्या सूनबाईंच्या आईचें आहे, बंगळूरच्या पुतणीसाठीं दोन फुटवे ओल्या गोणपाटांत बांधून पाठवावयाचे आहेत, आणि वाळूची गाडी ज्याच्या देखरेखीखालीं रिकामी झाली त्या मुकादमाच्या बायकोसही एक द्यावयाचा आहे. ती परवां पाणी प्यावयास आली असतां फुलापाशीं बराच वेळ उभी होती. ज्यांच्या घरीं असे फुटवे श्रावणांत पोंचतील त्यांनीं पहिल्या वैशाखांत फूल आलें नाहीं म्हणून झाड उपटूं नये. पुष्कळदां तें पहिलें वर्ष मुळें धरण्यांतच घालवितें, आणि दांडा दुसऱ्या उन्हाळ्यांत येतो.